यंदा नवी पाटी नाही : क्लबच्या सभासदांना खुले पत्र

सभासद बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

१ जुलैला अध्यक्षपदाची कॉलर एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली, हारतुरे झाले, फोटोही झाले. आता कामाचे बोलू.

रोटरी असो की लायन्स, सेवा क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. ज्यांनी हे वेळापत्रक आखले त्यांनी कोकणातला पाऊस पाहिलेला नसणार. आपल्याकडे जुलैत लावणी, मग श्रावण, मग गणपती, आणि गणपती गेले की भातकापणी. नवा अध्यक्ष काही हाती घेईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. फेब्रुवारी संपता संपता मुलांच्या परीक्षा, मार्चात शिमगा, पाठोपाठ आंबा-काजूचा हंगाम आणि लग्नसराई. मे महिन्यात तर चाकरमानी घरात आणि पाणी विहिरीच्या तळाला. बारा महिन्यांच्या कारकिर्दीत कामाचे महिने जेमतेम चार. एवढ्या वेळात हमखास उरकते ते उद्घाटन. म्हणून दरवर्षी एक नवे काम, त्यावर एक नवी पाटी, आणि पुढच्या जुलैत ते काम कोणाचेच नाही. शाळांच्या व्हरांड्यात बंद पडलेले फिल्टर, गंजलेली बाकडी, वणव्यात गेलेली रोपे यांच्या शेजारी पाटी तेवढी शाबूत दिसते.

कार्यकारिणीने ठरवले आहे की यंदा नवी पाटी लावायची नाही. आधी जुनी कामे मोजायची, चालती करायची. नवे काम घ्यायचेच तर ३० जूननंतर ते कोण सांभाळणार, त्या माणसाचे नाव वहीत लिहिल्यावरच.

हे कोणाला मिळमिळीत वाटेल. पण सेवा क्लबांची जी कामे जगाने मान्य केली ती अशीच झाली आहेत. रोटरीने पोलिओचे काम १९८५ साली अंगावर घेतले. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याकडे सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या देशासह जागतिक आरोग्य संघटनेच्या संपूर्ण आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तेवढ्या काळात एकेका क्लबात पंचवीसच्या वर अध्यक्ष होऊन गेले. त्यांतल्या प्रत्येकाने आपले वेगळे काम काढले असते तर काय झाले असते, ते सांगायला नको. लायन्सचे डोळ्यांचे कामही १९२५ साली हेलन केलर यांनी केलेल्या आवाहनापासून चालत आले आहे.

सुरुवात बंधाऱ्यांपासून करतो. आपले सर्वाधिक हात तिथे लागतात आणि सर्वाधिक घामही तिथेच वाया जातो.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, सह्याद्रीच्या कुशीत त्याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिलात धनगरवाड्यांवर टँकर चढतो. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पाणी थांबतच नाही. मोहन धारिया यांच्या संस्थेमुळे ज्याला वनराई बंधारा हे नाव पडले, तो रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांचा बांध हे पाणी दोन-अडीच महिने धरून ठेवतो. त्याच्याकडून याहून जास्त मागू नका. मे महिन्याची टंचाई त्याने मिटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कुळीथ, चवळी, भाजीला, गुरांना आणि कपडे धुवायला पाणी मिळते, आसपासच्या विहिरी काही आठवडे उशिरा आटतात. एवढेही पुष्कळ आहे.

जागा निवडताना सगळे जण पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, रुंदी बघतात, उतार कोणी बघत नाही. हिशेब सोपा आहे. एक मीटर उंचीचा बांध घातला आणि पात्राचा उतार शंभर मीटरला एक मीटर असला, तर पाणी मागे शंभर मीटरपर्यंत तुंबते. उतार वीस मीटरला एक असेल तर तोच बांध, त्याच गोण्या, आणि पाणी जेमतेम वीस मीटर. रस्त्याच्या कडेला, गाडी उभी करायला सोयीची म्हणून निवडलेली जागा बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते. फोटो चांगला येतो, पाणी राहत नाही. पात्र अरुंद, दोन्ही काठ उंच आणि पक्के, वरच्या अंगाला सपाटी, आणि फेब्रुवारीतही थोडी धार वाहते असे गावकरी सांगतात, अशी जागा हवी. ती ऑक्टोबरात चालत जाऊन शोधायची, आणि सोबत गुरे राखणारा माणूस घ्यायचा. व्हाळ (ओहोळ) कुठे कधी आटतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मुहूर्त भातकापणी आटोपल्यावरचा, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरात घातला तर परतीच्या पावसाची एक सर तो घेऊन जाते. जानेवारीत घातला तर भरायला धारच उरत नाही.

सहा मीटर रुंद पात्रात एक मीटर उंचीचा बांध धरू. तळाला रुंदी दोन मीटर आणि माथ्याला साधारण साठ सेंटिमीटर ठेवायची. हे आठ घनमीटरच्या आसपास भरते आणि त्याला तीनशे गोण्या लागतात. तीस-चाळीस जास्तीच्या ठेवा. गोण्या ठेकेदारांकडे मिळतात. आतली सिमेंटची भुकटी पाण्यापासून लांब झटकून घ्या, कारण ती पाण्यात उतरली की बारीक मासळी मरते. गोणी पाऊण भरायची. गच्च भरलेली गोणी गोल होते, दुसरीवर नीट बसत नाही आणि मधल्या फटीतून पाणी जाते. पाऊण भरलेली चपटी बसते. तोंड दाभण-सुतळीने शिवायचे आणि शिवलेली बाजू बांधाच्या आत येईल अशी ठेवायची. भरायला मुरूममिश्रित लाल माती उत्तम. नुसत्या वाळूतून पाणी पाझरते आणि वाळू उपसण्याचा वेगळा वाद ओढवतो. माती बांधालगतच्या काठातून मात्र खणू नका, नाहीतर बांध भक्कम आणि काठ पोकळ अशी गत होते.

बांध फुटतो तो क्वचितच मधोमध. तो तळातून किंवा बगलेतून जातो. गोटे आणि खडी तशीच ठेवून वर गोण्या रचल्या की पाणी खालून निघून जाते, वरून बांध जागेवर दिसतो आणि मागे टिपूस नसतो. म्हणून आधी गोटे बाजूला काढून घट्ट तळापर्यंत यायचे, फूटभर खोल चर काढायचा आणि पहिला थर त्यात बसवायचा. दोन्ही टोकांना थर काठात दीड-दोन फूट घुसले पाहिजेत. पुढचे थर विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून रचायचे आणि प्रत्येक थरावर चिखलाचा लेप द्यायचा. पाण्याच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद लावायचा तर त्याची खालची कड पहिल्या थराखाली दाबलेली हवी. वरून पांघरलेला कागद काही कामाचा नाही. माथ्यावर मधल्या भागात एक गोणी कमी ठेवा, म्हणजे जादा पाणी मधूनच सांडेल, आणि ते पडते तिथे मोठे दगड पसरा. सगळीकडे सारखी उंची ठेवली तर पाणी काठाकडून वाट काढते आणि काठ कापत नेते. शेवटी उन्हाच्या बाजूला माती लिंपून झावळ्या घाला, कारण उन्हाने या गोण्या तीन-चार महिन्यांत ठिसूळ होतात. पंचवीस माणसे असतील तर सकाळी सातला सुरू केलेले काम दुपारच्या जेवणापर्यंत होते, गोण्या आदल्या दिवशी भरून ठेवल्या तर.

आता न आवडणारा भाग. हा बांध मेच्या मध्यापर्यंत काढायचा असतो. २०२५ साली मे संपायच्या आतच मोसमी पाऊस तळकोकणात पोचला होता, त्यामुळे 'जूनला बघू' चालणार नाही. न काढलेला बांध पहिल्या लोंढ्यात फुटतो, गोण्या खाडीत, तिथून समुद्रात जातात. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, आणि ऑगस्टात जाळी टाकली की आपल्याच गोण्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. पाणी अडवल्याचे श्रेय घ्यायचे आणि कचरा रापणकरांच्या पदरात टाकायचा, हे बरे नव्हे. म्हणून नोव्हेंबरात बांध घालणाऱ्यांची यादी करतानाच मे महिन्यात काढणाऱ्यांची यादी करायची. दुसरी यादी भरली नाही तर बांध घालायचा नाही. ग्रामपंचायत आणि सहायक कृषी अधिकारी यांना दोन्ही तारखा आधी कळवायच्या.

रक्तदानाकडे वळतो. इथे आपला उत्साह भरपूर आहे, फक्त तो चुकीच्या तारखांना येतो. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी जिल्हाभर शिबिरे होतात. रक्ताला मात्र मुदत असते. तांबड्या पेशी साठवणुकीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट फक्त पाच दिवस. एका दिवशी शंभर पिशव्या आल्या तर महिन्या-सव्वा महिन्याने काही पिशव्या टाकून द्याव्या लागतात, आणि मे महिन्यात बाळंतिणीच्या नातेवाइकांना दात्यासाठी फोनाफोनी करावी लागते. म्हणून एक मोठे शिबिर बंद. त्याऐवजी ऑगस्टची सुरुवात, गणपती झाल्यावर, डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलचा उत्तरार्ध अशी पाच छोटी शिबिरे, रक्तकेंद्राला त्यांची गरज विचारून. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते, त्यामुळे दात्यांचे दोन गट करून आलटून पालटून बोलावले की पाचही शिबिरे निघतात. दाते वीसच्या आत असतील तर पथकाला इथवर बोलावण्यापेक्षा दात्यांनाच गाडीतून रक्तकेंद्रात न्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

पात्रता सगळ्यांना पाठ हवी : वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. तारीख ठरवताना पंचांग बघा. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजानचे रोजे यांत शिबिर ठेवले की माणूस उपाशीपोटी येतो आणि चक्कर येऊन पडतो. रक्त देण्याआधीच्या तीन तासांत जेवण किंवा पोटभर न्याहारी झाली का आणि आल्यावर अर्धा लिटर पाणी प्यायले का, हे दारावरच्या सभासदाने विचारायचे. चक्कर बहुधा रक्त देताना येत नाही. लगेच उठून, चहा न घेता मोटरसायकलकडे गेलेल्याला येते. दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवा, केळे-बिस्किट आणि मीठ-साखर घातलेले कोकम सरबत द्या. घेरी वाटली तर आडवे करून पाय वर. आणि आपल्याकडची खास सूचना : त्या दिवशी माडावर-पोफळीवर चढायचे नाही, होडीवर जायचे नाही. हे प्रत्येक दात्याला तोंडी सांगा. छापील कागद कोणी वाचत नाही.

हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या बायकांचे काय, हा प्रश्न आजवर शिबिराच्या हिशेबात नसे. रक्त द्यायला स्वतःहून आलेली बाई 'तुमचे चालणार नाही' एवढे ऐकून घरी जाते. यापुढे तिचे नाव तिच्या परवानगीने वेगळ्या वहीत लिहायचे, प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यायची आणि तीन महिन्यांनी एक फोन करायचा. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेतल्या तर फारशा लागू पडत नाहीत, हेही सांगायचे. फोन महिला सभासदांनी करावेत. उलट, तपासणीत कोणाच्या रक्तात काही आढळले तर ते रक्तकेंद्र आणि तो दाता यांच्यातच राहील. क्लबाने विचारायचेही नाही.

डेंग्यू आणि लेप्टोच्या दिवसांत प्लेटलेटची गरज अचानक येते. तिथे शिबिर उपयोगाचे नाही, यादी उपयोगाची आहे : नाव, रक्तगट, शेवटच्या रक्तदानाची तारीख, रक्तकेंद्रापर्यंत यायला लागणारा वेळ. ती दोन सभासदांकडे राहील, मोबाइलच्या ग्रुपवर पडणार नाही.

शाळांतले पाण्याचे फिल्टर. आजवर ठिकठिकाणी आरओ यंत्रे दिली गेली, आणि त्यातली बरीचशी अनावश्यक होती असे आमचे स्पष्ट मत आहे. आरओ हे पाण्यातले क्षार काढायचे यंत्र. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घन पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, आणि जांभ्यातल्या विहिरीचे गोडे पाणी सहसा त्याच्या खूपच खाली असते. अशा पाण्याला आरओ लावणे म्हणजे नसलेले क्षार काढण्यासाठी निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणे, तेही एप्रिलात. खाडीकाठच्या मचूळ विहिरींची गोष्ट वेगळी. तिथे आरओच लागेल. हे विरघळलेले पदार्थ मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो क्लबाने घ्यावा आणि कोणतेही यंत्र देण्याआधी मे महिन्यात एकदा, ऑगस्टात एकदा पाणी मोजावे.

आपला खरा शत्रू क्षार नव्हे, पावसाळ्यातले गढूळ पाणी आणि त्यातले जंतू. गढूळ पाण्यात फिल्टरमधल्या अतिनील (यूव्ही) दिव्याचाही उपयोग होत नाही, कारण गाळाच्या कणांआड जंतू वाचतात. आधी गाळणी लागते आणि ती जुलैत दर आठवड्याला धुवावी लागते. दिवा पेटतो आहे म्हणजे काम करतो आहे असेही नाही. साधारण वर्षभर चालल्यावर त्याची ताकद उतरते, तो बदलायचा. वीज गेली की सगळेच थांबते, आणि पावसाळ्यात वीज किती वेळ असते ते सांगायला नको. म्हणून ज्या विहिरीवरून शाळा पाणी भरते ती विहीर शुद्ध करणे हा पहिला उपाय. विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५, असे सगळे मीटरमध्ये केले की घनमीटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊण भरायची, दहा मिनिटे निवळू द्यायची. वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे, खालचा चुना टाकून द्यायचा. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची चाचणी, घ्यायची. पाणी पिवळसर झाले तर ठीक, रंगच आला नाही तर मात्रा कमी पडली. आणि कमी पडते ती बहुधा पावडरीमुळे. उघड्या पोत्यातली टीसीएल आपल्या दमट हवेत महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवायची आणि डब्यावर उघडल्याची तारीख घालायची. हे सारे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम आहे आणि त्याच्या हातातून काढून घ्यायचे नाही. आपण त्याला डबा, वजनकाटा आणि ओटीचे द्रावण संपू न देणे एवढेच करायचे.

झाडे लावण्याबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपांचा. पण दोनशे रोपे लावायची तर जानेवारी ते मे प्रत्येकाला आठवड्याला दहा लिटर पाणी धरले तरी आठवड्याचे दोन हजार आणि वीस आठवड्यांचे चाळीस हजार लिटर होतात. आणि असे निदान दोन उन्हाळे. हे पाणी कोण, कुठून आणणार? उत्तर नसेल तर वीसच लावा. खड्डा दीड फुटाचा, रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच, नाहीतर ऑगस्टात मुळाशी पाणी साचून ते कुजते. भातकापणी झाली की गुरे मोकाट सुटतात, तेव्हा त्याआधी काट्याकुट्यांचे कुंपण नाहीतर दगडांचा गडगा. डिसेंबरात रोपाभोवती मीटरभर गवत काढून जमीन साफ करा. वणवा पेटला तर तीच मीटरभर जागा रोप वाचवते.

झाडे कोणती? करंज, उंडी, बकुळ, सुरंगी, जांभूळ, रातांबा, ऐन, किंजळ. ऑस्ट्रेलियन बाभूळ, गुलमोहर नको, आणि वाळूवर सुरूची झाडेही नकोत. कासवे अंडी घालतात त्या किनाऱ्यांवर तर नकोच नको. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, खड्डे मारू नका. लोकांना तो ओसाड कातळ वाटतो, पण पावसाळ्यात तिथे जी रानफुले येतात ती दुसरीकडे येत नाहीत. शिवाय कोणत्या कातळावर मातीखाली कातळशिल्प दडलेले असेल याचा नेम नाही. कोकणातली ही शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली आहेत. पहार मारण्याआधी हे लक्षात असू द्या.

लावणी सुरू आहे, तेव्हा सर्पदंशाचे काम याच आठवड्यात हवे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर सरकारी दवाखान्यात मिळणारी लस चालते. आपल्या जांभ्याच्या मुलखात फुरसे भरपूर. कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढायचे, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि मंत्र-पाल्यात वेळ घालवायचा नाही. क्लबाचे काम एकच : दर सोमवारी तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयांना फोन करून लस आहे का, रात्री डॉक्टर आहेत का, हे विचारायचे आणि वाडीवाडीच्या पोलीस पाटलांना कळवायचे. त्याचा फोटो निघत नाही हे खरे.

मोतीबिंदूची शिबिरे दिवाळीनंतर. इथली अडचण शस्त्रक्रियेची नसते, पुढच्या महिना-दीड महिन्याच्या थेंबांची असते. मुले मुंबईला, घरी एकटी आजी, आणि दिवसातून चार-चार वेळा डोळ्यात औषध घालणार कोण? थेंब गालावर पडतात, आजी चुलीपाशी धुरात बसते, आणि डोळा लाल झाला की नाव शिबिराचे खराब होते. ज्या रुग्णाच्या शेजारचे एक माणूस नावानिशी ठरलेले नाही, त्याला गाडीत बसवण्याआधी ते ठरवा. शेजारणीला थेंब कसे घालायचे ते रुग्णालयातल्या परिचारिकेकडूनच शिकवून घ्या.

पूर आणि वादळ. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर आठवा. अशा वेळी बाहेरून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात, आणि गावाला हवी असतात फावडी. पुराचा चिखल ओला असतो तोवर घमेल्याने निघतो. दोन दिवस ऊन लागले की तो पहारीने फोडावा लागतो. वादळात रस्त्यावर पडलेली झाडे कापायला करवत आणि उडालेल्या छपरांवर घालायला ताडपत्र्या लागतात. म्हणून क्लबाच्या खोलीत दहा फावडी, वीस घमेली, रबरी वायपर, गमबूट, शंभर मीटर नायलॉनचा दोर, दहा मोठ्या ताडपत्र्या आणि पेट्रोलवर चालणारी एक साखळी-करवत ठेवायची. करवत महिन्यातून एकदा चालू करून बघायची. पेट्रोल टाकीत तसेच ठेवले तर ऐन वेळी ती सुरू होत नाही. ती चालवायला येणारा माणूस आधी ठरवा. नवशिक्याच्या हाती देण्यासारखे ते अवजार नाही. पाणी शिरलेल्या घराचा मेन स्विच वायरमनने बघेपर्यंत कोणीही चालू करायचा नाही.

हिशेबाचे थोडक्यात. वर्गणीचा पैसा वेगळा, लोकांनी सेवेसाठी दिलेला वेगळा. जेवणाचा खर्च दुसऱ्यातून होणार नाही. दोन हजारांच्या वरची रोख देणगी प्राप्तिकराच्या सवलतीत धरली जात नाही, तेव्हा देणाऱ्यांना आधीच धनादेश किंवा ऑनलाइन भरणा सुचवा. दर महिन्याचा जमाखर्च एका पानावर, सभेत वाचून. सभा ठरल्या वेळी सुरू होईल आणि सव्वा तासात संपेल, माणसे कमी असली तरी.

पहिली सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, क्लबाच्या सभागृहात. प्रत्येकाने आपापल्या भागात क्लबाच्या नावाची जी पाटी दिसेल तिची नोंद करून आणा : कुठे आहे, काय दिले होते, आज चालू की बंद, किल्ली कोणाकडे, दुरुस्तीला काय लागेल. जमल्यास फोटो, पण पाटीचा नको, यंत्राचा. यादी एकत्र झाली की प्रत्येक ओळीसमोर एक नाव लिहिले जाईल आणि ते पुढच्या जूनमध्ये नव्या अध्यक्षांच्या हाती वहीसकट जाईल. येताना बॅटरी आणा. सभागृहाचा इन्व्हर्टर बंद आहे, आणि यादीतली पहिली ओळ त्याचीच आहे.

आपले,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी